मावशी सुरी बघायला जाते

माझी मावशी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. कपडे घ्यायचे, चिठ्ठी लावायची, धुऊन आले की परत द्यायचे. ऐकायला काम सोपं वाटतं. पण मावशी प्रत्येक कपडा उजेडात धरते, उलटा करते, खिसे बाहेर काढते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर खणखणीत आवाजात सांगते, "कॉलर विरलीय. हे बटण वेगळ्या रंगाचं आहे. बाहीवरचा डाग आमचा नाही, तुमचा आहे. बघून घ्या, मागाहून भांडायला येऊ नका." एखादा माणूस शरमेने कोट तसाच काखेत मारून घरी जातो. मालक मात्र तिच्यावर खूश आहे, कारण ती बसायला लागल्यापासून कपडा परत नेताना लाँड्रीवर कधी भांडण झालेलं नाही. जी काही भांडणं होतात ती कपडा आत येण्याआधीच होतात, आणि ती सगळी मावशी जिंकते.

जन्मभर हेच केल्यामुळे कुठलीही वस्तू ताब्यात घेण्याआधी तिचे दोष मोठ्याने म्हणायची तिला सवय लागली आहे. मग ती छत्री असो, कलिंगड असो, नाहीतर माणूस असो. काका सांगतात, लग्नाआधी पहिल्यांदा भेटले तेव्हा मावशीने त्यांना पुढून बघितलं, मान तिरकी करून बाजूने बघितलं आणि विचारलं, "हा कपाळावरचा व्रण आधीचाच ना?"

"हो. लहानपणी झाडावरून पडलो होतो."

"बरं. नंतर माझ्या नावावर नको," मावशी म्हणाली, आणि लग्न ठरलं.

काका गाडी चालवायला शिकवतात. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायापाशी एक जास्तीचा ब्रेक असतो. नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून काकांचा पाय त्या ब्रेकवर इतका मुरलाय, की घरीसुद्धा कुठे धोका दिसला की तो आपोआप जमिनीवर दाबला जातो. मावशी एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढली की काकांचा पाय दाबला गेलाच म्हणून समजा. फरक इतकाच, की गाडी थांबते, मावशी थांबत नाही.

तर एका सकाळी मावशी भोपळा चिरत होती. भोपळा चांगला थोराड होता आणि सुरी जुनी. मावशीने सुरी खुपसली, सगळा भार देऊन दाबली आणि कट्कन आवाज झाला. मूठ मावशीच्या हातात राहिली आणि पातं भोपळ्यात. काकांनी पक्कड आणली. पक्कड पात्यावरून सटकली आणि काका मागच्या मागे खुर्चीत बसले. मग त्यांना वाटलं, भोपळा जमिनीवर आपटला तर फुटेल. त्यांनी तो आपटला. फरशीला चीर गेली. भोपळा गडगडत कपाटाखाली गेला आणि पात्यासकट तिथे अडकला. दोघांनी कुंच्याने ढोसून तो बाहेर काढला, तोवर काकांची कामावर जायची वेळ टळून गेली होती. शेवटी भोपळा तसाच शेजारणीकडे पोचवला. तिने संध्याकाळी शिजवलेला भोपळा एका वाडग्यात आणि धुतलेलं पातं दुसऱ्या वाडग्यात घालून परत दिलं.

"आता चांगली, महागातली सुरी घेऊ," काका जेवताना म्हणाले. "एकदाच काय तो खर्च होईल. पुन्हा बघायला नको."

"महागातली मुळीच नको," मावशी म्हणाली.

"का गं?"

"महाग वस्तूशी माणूस खरं बोलत नाही. ती कापत नसली तरी आपण वर्षभर 'काय कापते, काय कापते' म्हणत बसतो. पैसे गेल्याचं दुःख लपवायचं असतं ना! स्वस्त सुरीला कसं, तोंडावर सांगता येतं की बाई गं, तू बोथट आहेस."

काकांचा पाय टेबलाखाली दाबला गेला. मी शेजारीच बसले होते, त्यामुळे मला कळलं.

मी त्या वेळी नव्या नोकरीमुळे काही महिने मावशीकडे राहत होते. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मावशी म्हणाली, "चल माझ्याबरोबर. चार डोळे दोनांपेक्षा बरे."

कोपऱ्यावर घरगुती सामानाचं दुकान आहे. दारात बादल्यांची माळ टांगलेली, आत डबे, चाळण्या, झाकणं, किसण्या असा सगळा पसारा. उंच माणसाला आत जाताना दोन गाळणी डोक्याने वाजवल्याशिवाय वाट मिळत नाही. उंबऱ्याजवळ एका टोपलीत स्वस्तातल्या सुऱ्या होत्या. लाल, निळ्या, हिरव्या मुठींच्या, एकीवर एक पडलेल्या. टोपलीवर पुठ्ठा लावला होता: 'कोणतीही घ्या.'

दुकानदार गोल चेहऱ्याचा, हसरा, आणि कुठल्याही वस्तूबद्दल एकच वाक्य बोलणारा माणूस होता. मावशीने टोपलीत हात घातला तसं ते वाक्य त्याने टाकलं, "ताई, डोळे झाकून घ्या!"

"सुरी?" मावशी म्हणाली. "डोळे झाकून? बोटं परत कोण देणार, तुम्ही?"

दुकानदार हसला. तो तेव्हाच शेवटचा हसला.

मावशीने एक सुरी उचलली. आधी डोळ्यासमोर धरून पात्याच्या पाठीवरून नजर फिरवली, बंदुकीचा नेम धरल्यासारखी. "वाकडी आहे. डावीकडे वळलीय." दुसरी उचलली, मूठ कानाशी नेऊन हलवली. "आत काहीतरी खुळखुळतंय. ही सुरी आहे की बाळाचं खेळणं?" तिसरीच्या मुठीत आणि पात्यामध्ये फट होती. त्या फटीत नख घालून ती म्हणाली, "इथे घाण साठणार, मग वास येणार, मग आम्ही म्हणणार दूध नासलं." चौथीचं टोक लाकडी फळीवर टेकवून हलकं दाबलं. पातं वाकलं, आणि मावशीने हात काढला तरी तसंच राहिलं.

"ताई!" दुकानदार ओरडला.

"ही सुरी नाही, हा चमचा आहे," मावशी म्हणाली आणि ती वाकलेली सुरी त्याच्या हातात दिली.

"अहो, सगळ्या एकाच कारखान्यातून आल्यात. एक बघितली की सगळ्या बघितल्यासारख्याच. शितावरून भाताची परीक्षा."

"भाताची होते. सुरीची होत नाही. एका टोपलीत पडल्या म्हणून काही त्या सख्ख्या बहिणी होत नाहीत."

एव्हाना दोन-चार माणसं थांबली होती. मावशीने पाचवी सुरी घेतली, आणि पिशवीतून टोमॅटो काढला. हो, ती घरून टोमॅटो घेऊन आली होती. मला ते तेव्हा कळलं. फळीवर कागद पसरून तिने टोमॅटो ठेवला आणि सुरी नुसती टेकवून मागे ओढली. टोमॅटोला काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. टोमॅटोला खळी पडली. तिसऱ्यांदा जरा दाबून ओढली तेव्हा टोमॅटोने दुसऱ्या बाजूने तोंड उघडलं आणि आतला सगळा रस दुकानदाराच्या सदऱ्यावर उडाला.

"बघितलंत?" मावशी म्हणाली.

"तुमचा टोमॅटोच पिकलेला आहे!" दुकानदार सदरा झटकत म्हणाला. "असल्या टोमॅटोवर तलवारसुद्धा चालणार नाही."

"टोमॅटोला नावं ठेवू नका. आज सकाळी निवडून घेतलाय."

"पण सुरीची परीक्षा अशी करत नाहीत. सुरी कांद्यावर बघतात."

हे त्याने कुठून काढलं देव जाणे. पण गर्दीत दवाखान्यातली एक नर्स होती. ती बाजार करून घरी निघाली होती. तिने मोठ्या उत्साहाने पिशवी पुढे केली. "माझ्याकडे कांदे आहेत. नाहीतरी घरी जाऊन चिरायचेच आहेत. इथेच चिरून द्या."

मग काय, मावशीने बाह्या सरसावल्या. एका सुरीने एक कांदा, दुसरीने दुसरा. प्रत्येक कांद्यानंतर निकाल. "ही कापत नाही, चेंगरते." "ही कापते, पण रडत रडत." "ही बरी आहे, पण मूठ निसटते, ओल्या हाताला धोका." दुकान अरुंद, वारा नाही, बोथट सुऱ्यांनी चेंगरलेला कांदा. थोड्याच वेळात सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. नर्स रुमालात नाक खुपसून रडत होती. मी भिंतीला टेकून रडत होते. दुकानदार तर स्टुलावर बसून, दोन्ही हातांनी डोळे पुसत, हुंदके देत होता. रडत नव्हती ती एकटी मावशी. लाँड्रीतल्या सोड्याने तिचे डोळे कधीच निबर झाले होते.

इतक्यात पोस्टमन आला. त्याने दारातूनच आतला देखावा बघितला, टोपी काढली आणि पाय न वाजवता दुकानदाराजवळ गेला. खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कधी झालं?"

"आत्ताच," दुकानदार हुंदका देत म्हणाला. "अर्धा तास झाला असेल."

"अरेरे. अचानकच?"

"अगदी अचानक. सकाळी दुकान उघडलं तेव्हा काहीसुद्धा नव्हतं."

"जवळचं कोणी?"

"छे हो, ओळख ना पाळख!" दुकानदाराने मावशीकडे बोट केलं. "पण एकदाची गेली म्हणजे मी सुटलो."

पोस्टमनने मावशीकडे बघितलं. ती हातात सुरी घेऊन, शांत चेहऱ्याने उभी होती. त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि पत्रं न देताच तो निघून गेला. पुढे आठवडाभर तो त्या दुकानाची पत्रं शेजारच्या चपलेच्या दुकानात टाकत होता.

कांदे संपले. मावशीने सुऱ्या पुसून फळीवर दोन ढीग केले. एक लहान, एक मोठा. लहान ढिगाकडे बोट करून ती म्हणाली, "या त्यातल्या त्यात बऱ्या." हे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडायचा अवकाश, गर्दीने त्या ढिगावर झडप घातली. नर्सने दोन घेतल्या. चपलेच्या दुकानवाल्याने आपलं दुकान उघडं टाकून येऊन एक घेतली. दुकानदाराचे डोळे अजून गळत होते, पण हात गल्ल्यावर चालत होता. काही मिनिटांत लहान ढीग साफ झाला.

"आणि तुझी?" मी मावशीला विचारलं.

मावशीने फळीकडे बघितलं. चांगल्या सुऱ्या गेल्या होत्या. "बरं झालं," ती म्हणाली. "बऱ्या होत्या, पण मनात भरली नव्हती एकही. उद्या बघू."

आम्ही पायरी उतरलो तोच दुकानदार धावत बाहेर आला. मला वाटलं, टोमॅटोच्या डागाचे पैसे मागणार. पण तो म्हणाला, "ताई, उद्या नक्की याल ना? उद्या नवा माल येतोय."

त्यानंतर मावशी लाँड्री सुटली की रोज त्या दुकानात जायला लागली. घरी सुरी नव्हती ती नव्हतीच. काकांनी शेजारणीची मागून आणावी म्हटलं, तर मावशी म्हणाली, "मागून आणलेल्या वस्तूत दोष काढता येत नाहीत. मला नाही जमायचं." त्यामुळे घरात जे हाताने मोडता येईल तेवढंच शिजायला लागलं. फ्लॉवर तोडून. शेंगा मोडून. बटाटे अख्खे. अंडी उकडून. पाव हाताने फाडून. एकदा मावशीने काकडी गुडघ्यावर धरून मोडली, आणि एक तुकडा माझ्या चहात पडला. कोबीचं पान न पान सोलून झाल्यावर आत जो दांडा राहिला तो काकांच्या ताटात आला. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "सुरी शोधतेयस की जावई?"

"जावई परत करता येत नाही म्हणून बघतात. सुरीही परत घेत नाहीत. विचारलंय मी."

"पण रोज जातेस, रोज रिकाम्या हाताने येतेस."

"रिकाम्या हाताने कुठे? आज किसणी आणलीय."

तिने खरंच किसणी आणली होती. त्या दिवसापासून बटाटे अख्खे असायचे ते किसलेले यायला लागले. तेवढाच बदल.

दुकानात मात्र वेगळंच गाडं अडलं होतं. मावशीने 'बरी' म्हटलेल्या सुऱ्या हातोहात जायच्या, आणि 'नको' म्हटलेल्या मागे राहायच्या. रोज नव्या मालातून थोड्या बऱ्या निघायच्या आणि जास्त नको निघायच्या. आठवडाभरात नको-सुऱ्यांचा ढीग टोपलीतून बादलीत गेला, बादलीतून टबात. दुकानदाराच्या हे उशिरा लक्षात आलं. आलं तेव्हा तो टबापाशी कपाळाला हात लावून बसला.

"ताई, तुम्ही माझं बरं करताय की वाईट, हेच मला कळत नाही. आधी सगळ्या खपायच्या. आता लोक येतात आणि विचारतात, ताईंनी बघितलेली कुठली?"

"मग वाईट माल आणताच कशाला?"

"स्वस्त माल असाच असतो हो! दहांत चार चांगल्या निघाल्या तर नशीब."

मावशी टबात बघत राहिली. तिला आपल्या बोलण्याचं कधी वाईट वाटत नाही, पण दुकानदाराचा चेहरा इतका पडला होता की तिला राहवेना. लाँड्रीतही कुणी अगदीच रडवेला झाला तर ती डागावर उपाय सांगते, तसं तिने आता टबात हात घातला. "ही बघा, बोथट आहे. मग लोणी लावायला चांगली. ही वाकते, ठीक आहे, तव्यावरचं धिरडं नाही तर केक सोडवायला हिच्यासारखी दुसरी नाही. ही टोकाशी जाड आहे, कुंडीतलं तण उपटायला द्या. आणि ही खुळखुळणारी..." ती अडली. खुळखुळणारी कशाला चांगली, हे तिलाही सुचेना. "ही राहू दे," ती म्हणाली.

दुकानदाराने लगेच पुठ्ठे कापले आणि लिहिलं: 'लोण्याची सुरी'. 'केकची सुरी'. 'कुंडीची सुरी'. लोकांना त्या पसंत पडल्या. ज्या सुरीला कोणी फुकटसुद्धा हात लावत नव्हतं, तीच 'कुंडीची' म्हटल्यावर एक बाई तीन घेऊन गेली. तरी टबात बऱ्याच उरल्या, कारण लोणी लावून लावून माणूस किती लावणार!

काकांचा धीर सुटला तो एका शनिवारी. शिकवणी लवकर आटोपली होती. त्यांना कलिंगड खायची इच्छा झाली होती, आणि घरी सुरी नव्हती. ते तडक दुकानात गेले. डोक्याने दोन गाळणी वाजवली आणि थेट टबात हात घातला.

"अहो काका, त्यातली नको!" दुकानदार घाईने म्हणाला. "त्या ताईंनी काढून टाकलेल्या आहेत. इकडे बघा, आज निवडलेल्या या ढिगात आहेत."

"म्हणजे यातली प्रत्येक सुरी तिची बघून झालीय?"

"एकूण एक."

"दोष सांगून झालेत?"

"अहो, पाठ आहेत मला."

"मग यातलीच द्या," काका म्हणाले. "चांगल्या ढिगातली नेली तर ती घरी पुन्हा पहिल्यापासून बघेल. हिचं तरी काम आटोपलंय."

दुकानदाराने टबातली एक सुरी कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत. "तुमचा संसार कसा चालतो ते आज कळलं," तो म्हणाला.

काकांनी ती सुरी आणि एक कलिंगड टेबलावर ठेवलं. मावशी लाँड्रीतून आली. कागद उघडून तिने एका नजरेत ओळखलं.

"ही? अहो, हिला मी परवाच नाकारलीय! पाठ डावीकडे वाकलीय, मुठीत फट आहे, धार तर..."

"झालं सांगून?" काका शांतपणे म्हणाले.

"झालं."

"आणखी काही?"

मावशीने सुरी उलटसुलट केली. कानाशी हलवली. "नाही. एवढंच."

"मग आता घे. तुझ्या लाँड्रीत दोष सांगितल्यावर कपडा घेतातच ना? की विरलेली कॉलर दिसली म्हणून माणसाला उघडा घरी पाठवतेस?"

मावशीने कागदाची घडी करून बाजूला ठेवली. तिने हार मानलेली मी त्या घरात पहिल्यांदाच बघत होते. काकाही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि थोडी भीतीही.

मावशीने सुरी धुतली आणि कलिंगडावर ठेवली. कलिंगडाला ओरखडासुद्धा उठला नाही. तिने काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे बघितलं. मग काय मनात आलं कोण जाणे, मावशीने फडताळातला चिनी मातीचा एक कप उचलला आणि उपडा घातला. कपाच्या बुडाशी, जिथे चकाकी नसते तिथे, खरखरीत कडं असतं. त्या कड्यावर तिने पातं तिरकं धरून ओढलं. एका बाजूने, मग दुसऱ्या. घर्र घर्र. माझे दात शिवशिवले. थोड्या वेळाने तिने पातं पुसलं, कलिंगडावर टेकवलं, आणि ते लोण्यात जावं तसं आत गेलं.

"अरेच्चा!" काका म्हणाले.

"नरम आहे पातं," मावशी विचार करत म्हणाली. "म्हणून धार टिकत नाही. पण नरम आहे म्हणूनच लगेच धार घेते." तिने आणखी एक फोड कापली. "मी इतके दिवस उगीच बघत होते. दुकानात कापते की नाही हे बघून काही उपयोग नाही. आज कापणारी उद्या बोथट होणारच. पुन्हा धार घेते की नाही, ते बघायला हवं होतं."

"म्हणजे ही घेण्यासारखी आहे?" मी विचारलं.

"मुठीत फट आहे," मावशी म्हणाली. "पण घेण्यासारखी आहे."

हे तिने उद्या दुकानात जाऊन सांगायचं ठरवलं, पण दुकानदारच त्या संध्याकाळी घरी आला. बरोबर त्याची बायको होती आणि एका पिशवीत सुऱ्या. त्याचा चेहरा कांद्याशिवायच रडवेला दिसत होता.

"ताई, घोळ झालाय. तुम्ही बऱ्या म्हटलेल्या सुऱ्या परत यायला लागल्या. नर्सबाई आल्या होत्या. म्हणाल्या, आठ दिवसांत बोथट. चपलेवालाही आला होता. सगळे तुमचं नाव घेतात."

"आणि आमच्याही घरी तीच सुरी आहे," त्याची बायको म्हणाली. ती ठेंगणी, ठसठशीत बोलणारी बाई होती. "हे अख्ख्या गावाला सुऱ्या विकतात आणि मी घरी पाव तोडते तो हाताने. म्हटलं, चला, ज्या बाईमुळे हे सगळं झालं तिला तरी बघून येऊ."

मावशीने तिला पुढून बघितलं, मग मान तिरकी करून बाजूने बघितलं. मी मनात म्हटलं, आता ही काहीतरी बोलणार. पण मावशी म्हणाली, "या, स्वयंपाकघरात या," आणि घरातले सगळे कप बाहेर काढले.

मग आमच्या स्वयंपाकघरात जे सुरू झालं ते ऐकून वरच्या मजल्यावरून कोणीतरी दोनदा फरशी ठोकली. मावशी शिकवत होती, दुकानदाराची बायको शिकत होती, दुकानदार पातं उलटं धरत होता आणि दोघींच्या शिव्या खात होता. "तिरकं धरा, तिरकं! कपाला घासताय की कपाचा खून करताय?" कप कमी पडले तशी बशी घेतली, बशीचं बूड गुळगुळीत निघालं तशी मावशी तिला "दिखाऊ" म्हणाली आणि बाजूला ठेवली. एका कपाचा कान तुटला. दुकानदार म्हणाला, "मी नवा देतो, डोळे झाकून..." आणि बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने वाक्य गिळलं.

त्या दोघी तिथेच मैत्रिणी झाल्या. असं ठरलं की मावशीने सुट्टीच्या दिवशी दुकानात बसायचं. सुऱ्या नाकारायला नाही, तर ज्यांच्या बोथट झाल्यात त्यांना धार लावायला शिकवायला. दुकानदाराने स्टूल देऊ केलं. मावशीने ते घेण्याआधी त्याचे चारही पाय तपासले आणि एक आखूड असल्याचं सांगितलं. दुकानदार म्हणाला, "हो, आखूड आहे. आधीचंच आहे." मग त्याने पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली आणि सौदा पटला. आता लोक सुरी घेताना तिथेच विचारतात, "धार कशी लावायची ते दाखवा ना," आणि मावशी दाखवते. टबातल्या नको-सुऱ्याही संपत आल्या आहेत. पोस्टमनने पत्रं पुन्हा दुकानात टाकायला सुरुवात केली आहे, फक्त आत येताना तो आधी दारातून सगळ्यांचे डोळे कोरडे आहेत ना बघतो.

त्या रात्रीचं जेवण मात्र आम्ही पाचही जणांनी उशिरा केलं, कारण काकांच्या हातात धार लावलेली सुरी आली होती. इतके दिवस अख्खे बटाटे खाल्लेला माणूस तो. त्यांनी आधी एक काकडी कापली. ती इतकी पातळ कापली गेली की चकती उजेडात धरली तर दिवा दिसत होता. ते खुळ्यासारखे हसले आणि दुसरी घेतली. मग टोमॅटो. मग दुकानदाराच्या बायकोने आणलेला पाव. मग, बाकी काही उरलं नाही तेव्हा, पुन्हा काकडी. मावशी दोनदा म्हणाली, "अहो, पुरे." दुकानदार ताट घेऊन बसला होता आणि त्याच्या ताटात काकड्यांचा थर वर वर चढत होता. "काका, मी एकटा एवढं कसं खाऊ?" तो म्हणत होता. काका मान वर न करता म्हणाले, "खा हो, खा. अजून दोन आहेत."